वाटेतला वारा

पुनमच्या दुधात तुळशीचं पान तरंगत होतं, आणि आज ग्रहण नव्हतं. पेला हातात धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. मग एकेक दिसत गेलं. माठाच्या झाकणीवर पान, लोणच्याच्या बरणीवर पान, तेलाच्या किटलीवर, पिठाच्या डब्यावर, इतकंच काय, न फोडलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा एक, अगदी मधोमध. दारातली तुळस बोडकी झाली असणार. सासूबाई चौकटीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर माझी पुनम, तिच्या डोक्यावरून त्यांचा पदर, आणि पदराबाहेर फक्त तिचे दोन पाय. "आई, हे काय?" मी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं. "वेध," त्या म्हणाल्या. "कशाचे वेध?" आदल्याच तासाला शिकवलेलं पुन्हा विचारणाऱ्या पोराकडे मी वर्गात जशी बघायची, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काहून? तूच न्हाई का म्हन्ली, सूर्यातून निघालंय, आज पोचतंय म्हनून? निघाल्यापसून पोचंस्तोर वेधच की."

मी म्हटलं होतं खरं. परवा संध्याकाळी चहा घेताना मोबाइलवर बातमी आली, सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि त्याचा ढग पृथ्वीच्या दिशेने निघालाय, आणि मी ती उत्साहाने वाचून दाखवली. कितीतरी दिवसांनी मला माझ्या शिक्षणातलं काहीतरी घरात बोलायला मिळालं होतं. "ढग म्हंजे? पान्याचा?" "नाही हो आई, तापलेल्या कणांचा. सूर्याचाच सुटलेला लोट समजा. त्याच्या पोटात चुंबक गुंडाळलेलं असतं." "आन् त्यो आपल्याकडं येऊन राहिला?" "हो." "कवा पोचंल?" "ते वाऱ्यावर आहे." सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "वारा? सूर्याला वारा?" मग मी सांगत सुटले. सूर्यापासून एक वारा सारखा बाहेर वाहत असतो, चारी दिशांनी, रात्रंदिवस. मधली जागा रिकामी नसते. स्फोटातून जे फार जोरात सुटतं त्याला हा वारा अडवतो, मंद करतो. आणि जे रेंगाळत निघतं, वाऱ्यापेक्षा हळू, त्याला हाच वारा मागून रेटतो, त्याचा वेग वाढवतो. "म्हंजे उपणल्यावानी," त्या म्हणाल्या, "भुसकट उडून जातं, दाना खाली पडतो." "बरोबर तसं नाही. इथं दाणासुद्धा वाऱ्याबरोबरच जातो." "मंग कसली आलीय उपणणी!" असं म्हणून त्या हसल्या, मीही हसले, आणि मला वाटलं विषय संपला. त्यांनी मात्र त्यातून एवढंच उचललं होतं, की सूर्याचं काहीतरी सुटलंय आणि ते वाटेत आहे. आणि वाटेत असलेल्या गोष्टीला आमच्या घरात एकच शब्द आहे.

"आज लेकराला उंबऱ्याभाईर काढायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "डाक्टरचं कॅन्सल कर." कॅन्सल हा शब्द त्यांनी भागवतकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून उचललाय. तो फवारणीचा ड्रोन चालवतो. दिवाळीनंतर तुरीवर अळी पडली की त्याला जेवायलाही सवड नसते आणि दिवसभर फोनवर बुकिंग आणि कॅन्सल चालू असतं. आज तो पहाटेच शिरड शहापूरला गेला होता. जाताना म्हणाला, "काय म्हणतेत ते लगेच कळव मला." कारण आज रत्नपाल सर बघणार होते. सर नांदेडहून येतात, ठरल्या दिवशी इथल्या मुलांच्या दवाखान्यात बसतात, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवतात. पुनमच्या टाळूचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं. तरी तिचा श्वास बोलताना तोंडात ठरत नाही, नाकातून निसटतो. टाळू अपुरी पडतेय की नुसती सवय आहे, दुसऱ्या ऑपरेशनसाठी पाठवायचं की थांबायचं, हे सर आज सांगणार होते. ते वाक्य मी महिनाभर पोटात घेऊन वावरत होते. आणि म्हणूनच सासूबाई कॅन्सल म्हणाल्या तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, अगदी बरं, शाळेला अचानक सुट्टी लागल्यासारखं. नाही गेलं तर कुणी काही सांगणार नाही. वेध माझ्याही कामाला येत होते.

त्या क्षणाची मला लगेच भीती वाटली. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली बाई. आणि सकाळपासून मीच कितीदा मोबाइल उघडून बघितलं होतं, तो ढग कुठवर आलाय, पोचायची वेळ पुढे गेली की मागे आली. कशासाठी बघत होते? जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याने काही होत नाही, ते मला ठाऊक आहे, मी ते वर्गात सांगितलेलं आहे. ग्रहणाचंही मला ठाऊक होतं. ती दिवाळी मला अजून अंगावर आठवते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळता मावळता ग्रहण लागलं होतं. मला दुसरा महिना होता. भागवतशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाई तेव्हा हट्टा गावी शेतावर होत्या. गल्लीतली सगळी पोरं मी गच्चीवर गोळा केली, ग्रहणाचे चष्मे वाटले, आणि पाण्याच्या टाकीला टेकून मी स्वतः बघितलं, लाल भाकरीचा कुणीतरी कडेचा घास घेतलाय तसा सूर्य. मला इतका आनंद झाला होता. पोटातल्या जिवाला मी मनातल्या मनात म्हटलं, बघ. मेच्या उकाड्यात पुनम झाली, आणि नर्स गप्प बसली. बाळ रडत होतं, सगळं ठीक असल्याचं रडणं होतं ते, आणि नर्स गप्प होती. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता, आत टाळूही. सासूबाईंनी तिला हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. बाराव्या दिवशी गच्चीवरच्या पोरांपैकी कुणाची तरी आई कुणाला तरी म्हणाली, तिनं तर डोळे फाडून बघितलं होतं बाई. ते फिरत फिरत घरात आलं. मी पुस्तकं काढली, वाचलं, असं का होतं ते नीट कुणालाच सांगता येत नाही हे वाचलं, आणि ओठ जुळतो तो कोणत्या आठवड्यात तेही वाचलं. तो आठवडा तोच होता. त्याला काही अर्थ नाही. मी दहा जणांना समजावून सांगू शकते, का नाही ते. पण समजावून झाल्यावर दहा जण घरी जातात, आणि मी टाकीला टेकून उभीच असते.

ओठ शिवला गेला, मग टाळू शिवली गेली. ओठावर आता एक रेघ आहे, झोपेत दिसत नाही, हसली की दिसते. दूध नाकातून यायचं थांबलं. बोलू लागली ते ऐकून आम्ही आधी नाचलो. मग लक्षात आलं, तिच्या तोंडात प नाही, ब नाही, त नाही, द नाही. सगळा वारा नाकावाटे जातो आणि सगळे शब्द म आणि न होऊन येतात. पाणी म्हणजे मानी. पोळी म्हणजे मोळी. स्वतःचं नाव मुनम. आणि बाबा म्हणजे मामा. भागवत संध्याकाळी मोटरसायकल लावतो आणि ही "मामा, मामा" करत धावते. समोरच्या पारुबाई ओट्यावरून पदर तोंडाला लावून म्हणतात, "आला गं बाई, पोरीचा मामा आला." भागवत हसतो. त्याचं हसू रोज थोडं थोडं झिजत चाललेलं मी बघते. मी सगळंच बघते. तिच्या ओठांची पहिली हालचाल झाली की मला पुढचा शब्द कळतो, आणि समोरच्याला "काय?" असं विचारायची वेळ येऊ नये म्हणून मी तो आधीच बोलून टाकते. पाणी म्हणतेय ती. पोळी म्हणतेय. बाबा म्हणतेय. दिवसभर मी तिच्या शेजारी तिचं भाषांतर होऊन हिंडत असते.

तेवढ्यात पदराखालून पुनम बाहेर आली, माझ्या हातातला पेला ओढून दूध प्यायली, आणि त्यातलं पान बोटाने काढून स्वतःच्या वरच्या ओठावर चिकटवलं. बरोबर त्या रेघेवर. ओलं पान तिथं बसलं, आणि ती मान वर करून आम्हां दोघींना दाखवत खिदळली. रेघ गेली होती. पानाआडचं ते साधं, कुणाचंही असावं तसं तोंड मी बघितलं आणि मला एकदम शरम वाटली, की ते मला आवडलं. मी पान काढून टाकलं. "आई, मी निघतेय," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. भांडण होईल असं वाटलं, पण त्या उठल्या, नेसूचं ठीक केलं, चपला शोधू लागल्या. "मंग मी बी येते. लेकरू माझ्या पदराखाली राहील. तुला काय करायचं ते तू कर."

गल्लीत शुकशुकाट होता. मला वाटलं ऊन आहे म्हणून असेल, पण नोव्हेंबरचं ऊन ते, कोवळं, दोरीवरच्या गोधड्या हलकेच तापवणारं. मग दिसलं, पारुबाईंच्या घराच्या दोन्ही खिडक्या लावलेल्या होत्या आणि तिसरीला पोतं टांगलं होतं. त्यांची सून आकांक्षा पाच महिन्यांची गरोदर आहे. पारुबाई दारातच उभ्या होत्या. "काय हो, रुक्माबाई, तुमीच सांगितलं वेध हायेत म्हनून, आन् तुमीच चालल्या?" परवा चहाच्या कपापाशी मी जे बोलले होते ते इथवर आलं होतं. "मावशी," मी म्हटलं, "आकांक्षानं काही खाल्लंय का सकाळपासून?" "वेधात कशाला खाईल? उताणी निजवलीय, सुई-कातरीला हात लावू दिला न्हाई." "असं करू नका हो. हे ग्रहण नाही. त्याने काही होत नाही. तिला जेवायला द्या." पारुबाईंनी पुनमकडे बघितलं, म्हणजे पदराकडे बघितलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "तवा बी तू असंच म्हन्ली होतीस, साधना." फिजिक्सला या वाक्याचं उत्तर नाही. मी पायांकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावरून सासूबाईंचा आवाज गेला, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा. "काय झालंय गं माझ्या नातीला? आं? तुझ्या सुनेच्या पोटी असली हासरी पोरगी आली तर नारळ फोडशील! वेध मी बी पाळते, पर तू सुनेला उपाशी मारती!" पारुबाई आत वळल्या. पोत्याची एक कड बाजूला झाली, आकांक्षाचा चेहरा दिसला, आणि तिने मला बिस्किटाचा पुडा वर करून दाखवला. अर्धा संपला होता. गालात घास तसाच होता.

रिक्षात सासूबाई पुनमवरचा पदर सावरत बसल्या. त्यांनी माझी बाजू घेतली नव्हती, हे मला नीट कळत होतं, त्यांनी पुनमची बाजू घेतली होती. तरी हात कुठेतरी टेकल्यासारखं वाटत होतं.

रत्नपाल सर तरुण आहेत, बुटके, आणि लहान मुलांच्या खुर्चीत बसतात, गुडघे छातीशी येतात त्यांचे. समोर चित्रांचे पत्ते, आणि हातात एक छोटा आरसा. आरसा नाकाखाली धरायचा आणि मुलाला बोलायला लावायचं, नाकातून वारा आला की काच धुरकटते. "ये गं, पुनमताई," ते म्हणाले, "हे काय आहे?" पपई. पुनमने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ममई," ती म्हणाली. काच पांढरी झाली. "आणि हे?" पतंग. "मनंग." पुन्हा पांढरी. तो पांढरा ठिपका विरायच्या आत पुढचा येत होता. काही वेळाने सर चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "मॅडम, तुमचे ओठ हलतात," ते म्हणाले. "तिच्या आधी. ती तुमच्या तोंडाकडे बघते, तुम्ही मान हलवता, आणि तिचं काम होतं. तुम्हाला तिचं सगळं कळतं ना?" मी हो म्हटलं. अभिमानाने म्हटलं असणार. "तेच अवघड झालंय. जोर लावायची तिला गरजच पडत नाही. तुम्ही जरा बाहेर बसता का? आजी राहतील." मी म्हटलं, "आजींना ऐकू कमी येतं, सर. त्यांना तिचं काही कळत नाही." सर हसले. "मग तर आजीच राहू द्या."

बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. सावली अर्ध्याच बाकावर होती आणि मी उन्हाच्या अर्ध्यात जाऊन बसले, का ते माहीत नाही. अडीच वर्षांत तिची परीक्षा चालू असताना मी पहिल्यांदा भिंतीच्या या बाजूला होते. मला ती दिसत नव्हती. दिसत नसली की मी काय करायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला, तेवढ्यात तोच वाजला. भागवत. "अगं, तुझं ते सूर्याचं आलं काय? ड्रोनला सॅटेलाइटच सापडून नाही राहिले. उडायला तयार नाही. का बॅटरीचं काही आहे, देव जाणे. काय म्हणले सर?" "अजून आत आहेत." "तू?" "मला बाहेर बसवलंय." तुरीच्या शेतातला वारा फोनमध्ये येत होता. "बरं झालं," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "म्हणजे, बस जरा. कळव." मी वर बघितलं. ड्रोनचा दोष असेल, किंवा खरंच ते पोचलं असेल, या क्षणी, या गावावरून, या झाडावरून, माझ्यावरून पसरत चाललं असेल. आकाश निळं होतं, एक साळुंकी कोरडी काडी चोचीत धरून फांदी बदलत होती. इतक्या लांबून, इतका मोठा धक्का खाऊन निघालेलं काहीतरी आलं होतं, आणि दवाखान्याच्या नळावर एक बाई बाटली भरत होती.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नांदेडला माझा सेमिनार होता, याच विषयावर. मी ड्रॉइंग शीटवर स्केचपेननी आलेख काढला होता. सूर्यापाशी रेषा पंख्यासारख्या फाकलेल्या, प्रत्येक स्फोटाचा वेग वेगळा, काही फार वर, काही अगदी खाली. आणि पृथ्वीकडे येता येता त्या जवळ जवळ येत जातात, सुटे केस वेणीच्या टोकाशी यावेत तशा. वरच्या खाली उतरतात, खालच्या वर चढतात. वाराच त्यांना आपल्या वेगाकडे आणतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, "म्हणजे निघतानाचा वेग कळला की सगळं कळलं, असंच ना?" आणि मी, बावीस वर्षांची, कुठलंही लेकरू पोटात न वागवलेली, फटकन म्हणाले होते, "नाही, सर. वाटेत कुठला वारा भेटतो ते कळायला पाहिजे. त्याच्या आधी दुसरा लोट गेला असेल तर त्याने वाट झाडलेली असते, तेही धरायला पाहिजे. निघतानाचा वेग ही फक्त सुरुवात आहे." सगळ्यांनी मान डोलावली, मला चांगले मार्क पडले, आणि ते उत्तर मी तिथंच टेबलावर ठेवून आले. त्यानंतर आजवर मी काय केलं? मी त्या गच्चीवर उभी राहिले. सगळं तिथंच ठरलं, त्या आठवड्यात, त्या घटकेला, असं मानून मी तिथून हललेच नाही. पारुबाई आणि मी एकाच जागी उभ्या होतो, फक्त त्या हो म्हणत होत्या आणि मी नाही म्हणत होते. आणि इकडे पोरगी वाटेत होती. रोज. ओठ शिवून, टाळू शिवून, दूध गिळायला शिकून, हळूहळू, सगळ्यांपेक्षा हळू, चाललेलीच होती. आणि मी तिचा वारा व्हायच्या ऐवजी तिच्या पुढे उभी राहून तिला उचलूनच घेत होते, म्हणजे तिला चालावंच लागू नये.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "काय? काय म्हन्ली?" मग पुनमचं बारीक काहीतरी. "कळंना गं माय. मोठ्यानं बोल." पुन्हा बारीक. "मोळी? कशाची मोळी? लाकडाची?" पुनम ओरडली, रागाने, मला तो राग ओळखू आला, खालचा ओठ पुढे येतो तेव्हाचा. माझं अंग बाकावरून उठलं होतं. पोळी म्हणतेय ती, आई, पोळी. शब्द माझ्या दातांपर्यंत आला. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. सिमेंटचे खडे तळव्यांत रुतले. "न्हाई बा, मला मोळी न्हाई पायजे," सासूबाई आत खुशाल म्हणत होत्या, "मी म्हातारी, मोळी कुटं वाहू?" सर हसले. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्या शांततेत मी काय काय बघितलं, दुसरं ऑपरेशन, तो हिरवा कपडा, बेशुद्ध करायला तोंडावर धरलेला तो मास्क. आणि मग भिंतीपलीकडून एक आवाज आला, फुटाणा फुटावा तसा, छोटा, कोरडा. "प्पोळी!" आणि सासूबाई, "हां! पोळी! मंग असं म्हन की!" मी खाली बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक लागली होती.

सरांनी बोलावलं तेव्हा पुनम आजीच्या मांडीवर दमून बसली होती, कपाळावर घाम. "ऐका," ते म्हणाले, "काच अजून धुरकटते. पण प्रत्येक वेळी नाही. जोर लावला तेव्हा दोनदा स्वच्छ राहिली. टाळू बंदच होत नसती तर एकदाही राहिली नसती. म्हणजे तिला बंद करता येते, सवय नाही. आत्ता ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. उन्हाळ्यात पुन्हा बघू. तेव्हा लागलंच तर लागेल, तसं वचन मी देत नाही. पण मला वाटत नाही." मी म्हटलं, "सर, घरी काय करू?" "तुम्ही कमी करा," ते म्हणाले. "आजींना जास्त करू द्या." "काय म्हन्ले?" सासूबाईंनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "पर मी तर कायच केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कळालंच न्हाई, तर मी काय करू?"

बाहेर आल्यावर त्यांनी सवयीने पदर पुनमच्या डोक्यावर ओढला, आणि पुनमने तो सवयीने काढला. भागवतला मी दोनच शब्द पाठवले, ऑपरेशन नाही. लगेच त्याचा फोन आला, नुसता श्वास ऐकू येत होता, मग म्हणाला, "ठेवतो, लोकं उभे आहेत," आणि ठेवला. रस्त्याच्या कडेला फळांच्या गाड्या होत्या. मोसंबी, सीताफळं, आणि पानांसकट मांडलेले पेरू. पुनम एका गाडीपाशी थांबली. गाडीवाले चाचा वाकले. "क्या होना, बेटा?" "मेरू," ती म्हणाली. चाचांनी माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघतात. मी ओठ मिटले, आतून दातांनी धरले. "मोसंबी होना?" पुनमने मान हलवली, पाय आपटला. "मेरू!" "मेरू क्या होता है, बेटा?" चाचांनी खरोखरच विचारलं, चिडवायला नाही, आणि सीताफळ उचलून दाखवलं. पुनमचा चेहरा लाल झाला. तिने माझ्याकडे वळून बघितलं, पुरेसा वेळ बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मला बी न्हाई कळालं, बाई." आणि पुनमने गाल फुगवले, डोळे घट्ट मिटले, आणि बोलली. "प्पेरू!" थुंकीचे दोन थेंब उडाले, एक मोसंब्यावर, एक चाचांच्या हातावर. "अर्रे, पेरू!" चाचा मोठ्याने हसले आणि हात सदऱ्याला पुसला. "तो ऐसा बोलो ना, जोर से!" सासूबाई पदराने मोसंबं पुसत पुटपुटल्या, "थुकून बोलती गं ही, शोभतं का पोरीला." चाचांनी एक पिवळसर पेरू निवडला, सुरीने चार फोडी केल्या, आणि तिखट-मिठाच्या डब्यावर हात ठेवून विचारलं, "मिर्ची लगाऊँ, के नमक?" विचारताना ते माझ्याकडे बघत होते. मी मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिले.